मखमलीची उलटी बाजू

आमच्यापैकी बहुतेकांना मखमल पहिल्यांदा भेटली ती मृगाच्या किड्याच्या पाठीवर. पहिला पाऊस पडून गेला की अंगणाच्या ओल्या मातीत ते लालचुटूक किडे दिसू लागत. तळहातावर घेतला की किडा पाय आखडून घेई, आणि मग त्याच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवायचे. त्या स्पर्शाला ‘मखमल’ म्हणतात हे आईने सांगितले तेव्हा कापडाची मखमल मी पाहिलेलीही नव्हती. पुढे ती घरात दिसली तीही तुकड्यातुकड्यांनीच. दागिन्यांच्या डबीच्या आत तिचे अस्तर असे, बाळाच्या कुंचीला वीतभर तुकडा लावलेला असे, उत्सवात देवाच्या पालखीपुढे चालणाऱ्या अब्दागिरीवर ती जरीने मढलेली दिसे. नाटकाच्या पडद्याचे ऐश्वर्य सांगायचे तरी ‘मखमली पडदा’ असेच आपण म्हणत आलो. मराठी घरात मखमल होती ती अशी पाहुणीसारखी. अंगभर ल्यायचे वस्त्र म्हणून ती आपल्याकडे नव्हती. लग्नात अष्टपुत्री असे, शालू असे, ऐपत असली तर पैठणी असे. मखमलीचा घागरा कुणाच्या स्वप्नातही नसे.

आता ती पाहुणी घरची झाली आहे. गेल्या काही वर्षांत ज्या ज्या लग्नाला गेले, तिथे संध्याकाळच्या स्वागतसमारंभात वधू मखमलीच्या, जरीने भरलेल्या घागऱ्यात उभी दिसली, आणि शेजारी वरही मखमलीच्या बंद गळ्याच्या कोटात. या वस्त्राबद्दल आपण बोलतो खूप. किंमत बोलतो, रंग बोलतो, कोणत्या नटीने तसला नेसला होता तेही बोलतो. पण पुस्तकाविषयी किंवा नाटकाविषयी बोलावे तसे, म्हणजे हे चांगले का आणि वाईट का असे, मात्र कुणी बोलत नाही. मी मॅट्रिक झाल्यावर शिवणकामाचा वर्ग केला आणि त्याच्या बळावर शाळेत लागले. कादंबऱ्या लिहू लागले ती त्यानंतर. तेव्हा सुईची परीक्षा मला लेखणीच्या परीक्षेहून जुनी आहे. शिवाय या विषयावर बोलण्याचे माझ्यावर एक ऋणही आहे. ते कसे, ते आधी सांगते.

गेल्या वैशाखात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न झाले. स्वागतसमारंभासाठी शहरातल्या एका मोठ्या दुकानातून डाळिंबी मखमलीचा घागरा आणला. ‘संपूर्ण हातकाम, लखनौची जरदोजी’ असे दुकानदाराने सांगितले होते आणि किंमत होती ९५,००० रुपये. भावाने मुदतठेव मोडली. घागरा घरी आला त्या रात्री वहिनी म्हणाली, “वन्सं, तुम्ही शिवण शिकवता, तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला ना.” मी तो मांडीवर घेतला. मांडी भरून गेली. सुलट बाजू डोळे दिपवणारी होती. पण भरतकाम पाहायचे ते उलटून, हे मी २० वर्षे मुलींना शिकवत आले आहे. उलट बाजू अस्तराखाली पूर्ण बंद केलेली होती. सगळी झोपल्यावर मी घेराच्या कडेची चार बोटे टीप उसवली आणि आत पाहिले. खाली पांढरा दोरा, सगळीकडे अगदी सारखा, वहीवर छापल्यासारखा. त्यामागे चिकटवलेला कागदी थर. एका बुट्ट्यात जिथे वळण चुकले होते, तिथेच ते पुढच्या बुट्ट्यात चुकले होते आणि त्याच्या पुढच्यातही. खडे डिंकाने बसवलेले. मला दिसला तेवढ्या भागात हाताचा एकही टाका नव्हता.

सकाळी वहिनीने विचारले, “कसा आहे?” पोर समोर उभी होती, घागरा अंगाला लावून आरशात पाहत होती. मी म्हटले, “सुरेख आहे.” रात्रीच मी सुई-दोरा घेऊन ती चार बोटांची उसवण पुन्हा शिवून टाकली होती.

ते मौन मला टोचत राहिले. भावाचे पैसे गेले म्हणूनच केवळ नव्हे. ज्याला दिसते त्याने सांगावे, एवढाच टीकेचा धर्म आहे, आणि तेवढाच मी पाळला नव्हता. हा लेख म्हणजे त्या चार बोटांची पुन्हा केलेली उसवण समजा.

मखमल म्हणजे काय ते आधी पाहू, कारण तिचा स्वभाव कळल्याशिवाय तिच्यावरचे काम जोखता येत नाही. साध्या कापडाला एक ताणा आणि एक बाणा असतो. मखमलीला ताणे दोन. एक कापडाचा पाया धरतो. दुसरा बारीक सळ्यांवरून वर उचलला जाऊन त्याचे फासे होतात, आणि ते फासे कापले की त्यांची लव उभी राहते. यंत्रमागावर दोन कापडे समोरासमोर विणून मधले धागे पात्याने चिरतात, म्हणजे एकाच वेळी दोन मखमली तयार होतात. ही लव हेच मखमलीचे सर्वस्व. तिला दिशा असते. एका बाजूने हात फिरवला तर ती निजते आणि कापड फिके, चकचकीत दिसते. उलट बाजूने पाहिले तर तोच रंग खोल विहिरीसारखा गडद होतो. म्हणून चांगला शिंपी घागऱ्याच्या सगळ्या कळ्या एकाच दिशेने बेततो. कापड वाचवायला एखादी कळी उलटी टाकली, तर एकाच थानातली असूनही ती परक्या घरची दिसते. मखमलीवर सुलट बाजूने इस्त्री फिरवता येत नाही, लव चिरडते. चुकीचा टाका उसवला तर त्या जागी लव विस्कटते आणि मखमल टक्कल पडल्यासारखी दिसते. इतके मानी कापड दुसरे नसेल.

आता प्रकाशाचे पाहा. रेशीम प्रकाश परतवते, मखमल तो गिळते. लवेच्या दाट रानात शिरलेला किरण सहसा बाहेर पडत नाही, म्हणून मखमलीचा काळा रंग सगळ्यांत काळा आणि डाळिंबी रंग सगळ्यांत डाळिंबी. अशा काळोखावर सोन्याची तार ठेवली की अमावास्येच्या अंगणात पणती ठेवल्यासारखे होते. पणती शोभते ती तिच्याभोवतीच्या काळोखामुळे. सगळे अंगणच पेटवले तर त्याला दिवाळी कुणी म्हणणार नाही. मखमलीवरच्या भरतकामाची सारी मेख या एका गोष्टीत आहे. कारागिराने किती भरले याच्याइतकेच किती मोकळे सोडले हे महत्त्वाचे.

या जोडीचा इतिहास जुना आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वस्त्रांच्या याद्या दिल्या आहेत. त्यांत युरोपातून आणि इराणातून येणाऱ्या मखमलींबरोबर लाहोरच्या आणि गुजरातच्या मखमलीही आहेत. ‘जरदोजी’ हा शब्दही फारसी. जर म्हणजे सोने, दोजी म्हणजे शिवण, सोन्याची शिवण. तंबू, गाद्या, लोड, हत्तीच्या झुली, घोड्यांची खोगिरे, छत्रे, दरबारी अंगरखे असे जे जे दुरून आणि मशालीच्या उजेडात दिसायचे, ते ते मखमलीवर जरीने भरलेले असे. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी भरलेल्या कलाप्रदर्शनाचा मोठा ग्रंथ जॉर्ज वॅट यांनी लिहिला. त्यातही मखमलीवरचे जड ‘कारचोबी’ काम आणि तलम कापडावरची हलकी ‘कामदानी’ यांत भेद केलेला आहे. हा भेद आपण विसरलो, आणि आजचे बरेचसे घोटाळे त्या विसरण्यातून आले आहेत.

कारचोब म्हणजे लाकडी चौकट. मुंबईत तिला ‘अड्डा’ म्हणतात. कापड तिच्यावर तबल्याच्या पुडीसारखे ताणून बांधतात आणि कारागीर तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर मांडी घालून बसतात. नक्षी आधी कागदावर काढून सुईने टोचतात. हा ‘खाका’ मखमलीवर ठेवून त्यावरून भुकटीचा बोळा फिरवला की खाली ठिपक्यांची वेल उमटते. मग सुरू होते तारेचे काम. कलाबतू आपल्याला शालूमुळे माहीत आहे, पण इथे तिची भावंडे कितीतरी. डबका म्हणजे स्प्रिंगेसारखी वळलेली बारीक तार. तिचे जवाएवढे तुकडे कापून मण्यासारखे सुईत ओवतात आणि टाचतात. कोरा मंद, चिकना झळाळणारा, नक्शी पैलूदार. सितारा म्हणजे आपली टिकली. मखमलीची लव बारीक धागा गिळून टाकते, म्हणून पाकळीखाली आधी सुती दोऱ्याची भर घालून तिला उठाव देतात आणि तिच्यावर डबका बसवतात. असे केले की फूल लवेच्या वर तरंगते. मंद आणि झळाळ तारा शेजारीशेजारी ठेवल्या की एकाच सोन्यात ऊन आणि सावली दोन्ही येतात. चांगला कारागीर रंगाशिवाय चित्र काढतो ते असे.

हे सगळे मला पुस्तकातून कळायच्या आधी एका बटव्यातून कळले होते. माझ्या आईची मावशी लग्न होऊन भोपाळला गेली. भोपाळचे मखमली बटवे प्रसिद्ध आहेत. बेगमांच्या राजवटीत तिथे जरीकाम बहरले. मावशीआजीने आईच्या लग्नात दिलेला तसला एक जांभळा बटवा आज माझ्याकडे आहे. दोन्ही बाजूंना एकेक रोपटे, रोपट्याला पाच फुले, बस्स. बाकी सारी मखमल मोकळी. खालून वर जाताना देठ बारीक होत जातो, कारण तारच आधी दुहेरी आणि मग एकेरी घेतली आहे. मधले फूल समोर पाहते, कडेची चार थोडी वळली आहेत, आणि हे वळण कारागिराने पाकळीचा आकार बदलून नव्हे, तर एका बाजूला कोरा आणि दुसऱ्या बाजूला चिकना वापरून दाखवले आहे. मागच्या बाजूच्या एका फुलाला पाकळी एक कमी आहे. तिथे जागा संपली असावी. पण म्हणून त्याने फूल खोडले नाही, उरलेल्या पाकळ्या किंचित फाकवून घेतल्या. दोन्ही बाजूंचे रोपटे एकाच खाक्याचे, पण माणूस तेच वाक्य दोनदा बोलताना थोडे वेगळे बोलतो, तितके ते वेगळे आहे.

या बटव्याशेजारी आजचा घागरा ठेवून पाहा. माझ्या भाचीचाच असे नाही, खऱ्या हातकामाचे महागडे घागरेही मी त्यानंतर मुद्दाम दुकानांतून पाहिले. त्यांच्याविषयी माझ्या तक्रारी तीन आहेत.

पहिली तक्रार भरगच्चपणाची. पुष्कळ घागऱ्यांत नेफ्यापासून घेरापर्यंत बोट ठेवायला मोकळी मखमल नाही. जाळ, जाळात बुट्टा, बुट्ट्यात खडा, खड्याभोवती टिकली. मग मखमल घेतली कशाला? खाली मांजरपाट असते तरी चालले असते. गिऱ्हाईक पैशाच्या बदल्यात काम मोजून मागते आणि दुकानदार ते मोजून देतो. पण सौंदर्य असे मोजून मिळत नाही. लेखकाने शब्दाला पैसे मिळतात म्हणून विशेषणे वाढवावीत, तसा हा प्रकार आहे.

दुसरी तक्रार वजनाची. आमचा घागरा मी किराण्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवला होता. ७ किलो भरला. कारचोबी काम मूळचे झुलीचे, तंबूचे आणि गादीचे. ज्याला उचलायला हत्ती आहे किंवा जे एका जागी पसरलेले आहे, त्याने जड असायला हरकत नाही. माणसाच्या अंगावर येताना त्या कामाने हलके व्हायला शिकले पाहिजे. घागऱ्याच्या कळ्या वर अरुंद आणि खाली रुंद असतात. जाणता कारागीर नक्षीही तशीच वाढवत नेतो. कंबरेपाशी दाणे दाणे, मध्ये कळी, घेरावर उमललेले फूल. म्हणजे वजन खाली राहते, घेर चालताना डोलतो आणि कंबर सुटी राहते. हे न करता थानावर एकसारखी नक्षी भरून मागाहून कळ्या कापल्या, तर शिवणीवर फुले अर्धी चिरलेली दिसतात. वधू मग उत्सवमूर्तीसारखी एका जागी उभी. तिला बसवायला दोघी, उठवायला दोघी. मंगल दिवशी जे वस्त्र माणसाला हसू देत नाही, वाकून नमस्कार करू देत नाही, ते कितीही मौल्यवान असले तरी वस्त्र म्हणून नापास.

तिसरी तक्रार वेळेची. उत्तरेकडे पुष्कळ लग्ने थंडीत होतात आणि फेरे रात्री असतात. तिथे मखमलीची ऊब हवीशी वाटते आणि दिव्यात तिचे सोने जागते. आमची लग्ने वैशाखात, पुष्कळदा भर दुपारच्या मुहूर्तावर. मखमल रात्रीचे कापड आहे, पैठणी दिवसाचे. पैठणीचा जरीचा पदर उन्हात न्या, तो हसेल. मखमल उन्हात नेली की तिच्यावरची धूळ आणि चिरडलेली लव आधी दिसते. वैशाखातल्या घामाने जरही काळवंडते. हौस म्हणून नेसायचाच असेल तर संध्याकाळी नेसावा आणि मार्गशीर्षात लग्न असेल तर निःशंक नेसावा. एवढा विवेक कापडाबाबतीत आपल्या आजीला होता, आपल्याला का नसावा?

इथे कुणी म्हणेल, “बाई, तुम्हाला परप्रांतीय वस्त्रच नको आहे, हे आडून कशाला सांगता?” तसे नाही. आपण ज्या शालूला आपला म्हणतो तो बनारसचा. वस्त्रे नेहमीच गावोगाव फिरत आली आहेत. १९६० साली आलेल्या ‘मुघल-ए-आझम’ची हकीगत अनेकांनी सांगितली आहे. कपडे शिवायला दिल्लीचे शिंपी आले, जरीकामाला सुरत-खंबायतचे कारागीर आणि मुकुट घडवायला आमच्या कोल्हापूरचे. एका दरबाराचा देखावा उभा करायला एवढी गावे एकत्र आली, आणि प्रत्येक गाव आपापले काम जाणणारे होते. मखमलीच्या घागऱ्याला परका म्हणण्याचे मला कारण नाही. तो घेताना आपण अजाण राहतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि हाताचे म्हणून सगळे चांगले, यंत्राचे म्हणून सगळे वाईट, असेही मी म्हणत नाही. हाताने केलेले कुरूप काम मी भरपूर पाहिले आहे. यंत्राचा घागरा दहा-बारा हजारांत मिळतो. ज्या मुलीच्या बापाकडे मोडायला मुदतठेव नाही, तिची हौस त्याने भागते, आणि त्यात लाज वाटावी असे काही नाही. यंत्राचे काम यंत्राचे म्हणून विकावे. ते हाताचे म्हणून विकले की गिऱ्हाईक तर फसतेच, पण त्याहून मोठे नुकसान ज्याचे होते तो दुकानात कधीच दिसत नाही.

त्याला पाहायला मी या पावसाळ्यात धारावीतल्या एका माळ्यावर गेले. शिडीवरून चढायचे, वर पत्रा, दोन अड्डे, सहा माणसे. सगळे उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आलेले. लखनौ, बरेली, आग्रा ही या कलेची माहेरघरे. लखनौच्या जरदोजीला तर २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन गावाला मिळते, आणि पोट भरायला माणूस गाव सोडतो. त्यांतला वयस्क कारागीर बरेलीचा. त्याला मी माझा जांभळा बटवा दाखवला. त्याने तो आधी उलटा केला, आत बोट घालून अस्तर चाचपले आणि मगच सुलट बाजू पाहिली. मला फार बरे वाटले. मग पाकळी कमी असलेल्या फुलावर बोट ठेवून तो हसला आणि म्हणाला, “यहाँ उस्ताद नहीं, शागिर्द बैठा था.” ४० वर्षे मी, माझ्या आधी आई, त्या फुलाकडे पाहत होतो. एका बटव्यावर दोन माणसांचे हात फिरले आहेत हे आम्हाला दिसले नव्हते. टीका म्हणतात ती याला!

त्याचा रोज मी विचारला. दहा तास बसून ५०० रुपये. पावसाळ्यात काम निम्मे. मशीन आल्यावर नव्हे, मशीनचे काम ‘हातकाम’ म्हणून विकू लागल्यावर आमचा दर पडला, असे तो म्हणाला. दुकानदार दाखवतो, बघ, असाच घागरा मला इतक्यात मिळतो; आणि मग याने त्याच भावात हाताने करून द्यायचा. खोट्या नाण्याने खरे नाणे बाजारातून उठते, तसेच हे. त्याचा मुलगा या धंद्यात नाही, सामान पोहोचवण्याच्या कामावर मोटारसायकल फिरवतो.

मुलांचा विषय निघाला म्हणून आणखी एक कडू गोष्ट शाळेतली बाई या नात्याने सांगितलीच पाहिजे. २००५ साली मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांवर धाडी पडल्या आणि शेकडो मुले सोडवली गेली. माझ्या वर्गात बसतात त्याच वयाची. बारीक बोटे आणि तीक्ष्ण डोळे हे त्यांचे भांडवल. ते डोळे दहा-बारा तास अड्ड्यावर वाकलेले. तेव्हा ‘हातकाम’ हा शब्द ऐकून माना डोलवण्याआधी, हात कुणाचा आणि केवढा, हेही विचारायला हवे. शिकाऊ मुलाने एक पाकळी कमी भरली यात मला कौतुक वाटत आले होते. त्या माळ्यावरून उतरताना ते कौतुक जरा ओशाळले. माझ्या बटव्यावरचा तो शागिर्द किती वर्षांचा होता, कोण जाणे. सुंदर वस्तूची उलटी बाजू पाहायची म्हटले की एवढे पाहावे लागते.

मग करायचे काय? मी उपदेशकार नाही, पण शिकवण्याची सवय जात नाही. दुकानात गेलात की उलटी बाजू पाहायला मागा. अस्तर बंद असेल तर चार बोटे उसवून दाखवायला सांगा; खरे काम असलेला दुकानदार नाही म्हणणार नाही. खालचा दोरा सगळीकडे छापल्यासारखा सारखा असेल, मागे कागदी थर असेल, तर ते यंत्राचे. गाठी दिसतील, टाक्यांची लांबी किंचित कमीजास्त असेल, दोन बुट्टे जुळे नसून भावंडे असतील, तर ते हाताचे. मखमलीवर दोन्ही दिशांनी हात फिरवा, सगळ्या कळ्यांची लव एकीकडे निजते का पाहा. घागरा घालून एकदा वाकून पाहा, एकदा खाली बसून पाहा. आणि एक लाखात अंगभर खोटे काम घेण्यापेक्षा दहा हजारांत खरे काम थोडे घ्या. एक चोळी, एक बटवा, शेल्याची एक किनार. थोडे खरे काम नातीपर्यंत पोहोचते. अंगभर खोटे पुढच्या वैशाखापर्यंतही टिकत नाही, त्याचे खडे गळायला लागतात.

खऱ्या जरीच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी चाल होती. वस्त्र विरले की जर जाळून चांदी काढायची आणि तिचे निरांजन नाहीतर पैंजण करायचे. किती सुंदर कामे अशी मुशीत गेली असतील! तरी त्या काळी निदान मुशीत घालायला चांदी तरी होती. आमच्या घागऱ्याची जर प्लॅस्टिकची. ती जाळली तर काळा गोळा आणि वास एवढेच हाती येईल.

हा लेख लिहीत असताना, नवरात्र संपता संपता, भाची चार दिवस माहेरी आली. पिशवीतून तोच घागरा काढून माझ्यापुढे टाकला. “आत्या, खडे पडतायत. परत घालणं काही होत नाही माझ्याच्यानं. याचं काही शिवून दे.” मी घेर हातात घेतला आणि गप्प बसले. ती माझ्याशेजारी बसली, अस्तराच्या कडेवर बोट फिरवत आली आणि एका जागी थांबली. “सगळीकडे मशीनची टीप आहे,” ती म्हणाली, “फक्त इथं चार बोटं हाताची शिवण. तुझी आहे ना ही?”

तिला दुसरीत असताना सुईत दोरा ओवायला मीच शिकवले होते. तिने ओळखावे यात नवल नव्हते.

“तुला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. मी हो म्हटले. ती रागावेल असे वाटले होते. ती रागावली नाही, बराच वेळ घेराशी खेळत बसली. मग म्हणाली, “सांगितलं असतंस तरी मी घातला असता, आत्या. पण बाबांना सांगायला हवं होतंस. त्यांनी दुकानदाराला जाऊन विचारलं तरी असतं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून घेर उसवला. मोकळी मखमल मिळाली ती नेफ्याखालची, वीतभर. तिचा एक बटवा बेतला आहे. त्याच्यावर एक रोपटे आणि पाच फुले ती स्वतः भरणार आहे. डबका आणि कोरा मी धारावीच्या त्या वयस्क कारागिराकडून, तो सांगेल त्या भावाने, घेऊन आले आहे. पहिले फूल वाकडे आले आहे. दुसरे बरे आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल आणि दुकाने पुन्हा डाळिंबी, जांभळ्या, पाचूच्या रंगाच्या मखमलींनी भरतील. तुमच्या घरी कार्य असेल तर अवश्य जा, हात फिरवून पाहा, डोळे भरून पाहा. आणि विकत घेण्याआधी, संकोच न करता, ते वस्त्र एकदा उलटे करा.